बारा कार्षापणांचा हिशेब
संशोधनासाठी वाचावे कसे आणि टिपावे काय

संशोधन करू निघालेल्या विद्यार्थ्याला ‘भरपूर वाच’ हा सल्ला जो तो फुकट देतो. भरपूर म्हणजे किती हेही कुणी तरी सांगते. पण एखादा परिच्छेद समोर ठेवून त्याच्याशी तासभर झटापट कशी करायची आणि उठताना वहीत काय उतरलेले असायला हवे, हे ज्याचे त्याने चाचपडतच शिकायचे असते. परिणाम नेहमीचा: झेरॉक्सचा गठ्ठा वाढतो, पिवळ्या हायलायटरने पाने रंगतात, आणि प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहायला बसल्यावर ‘हे कुठे वाचले होते?’ यावर दिवस जातात.

सूक्ष्म वाचनाचा सराव करायला नाशिककरांना लांब जायला नको. मुंबई रस्त्यावरच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. नाव पांडवलेणी, पांडवांचा संबंध शून्य. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत आणि त्यांच्या भिंतींवर सातवाहन, क्षत्रप, आभीर अशा राजवटींतले ब्राह्मी लेख आहेत. यातला एक लेख घेऊन वाचनाची आणि टिपणाची सगळी कवायत करता येते. विषय तुमचा अर्थशास्त्र असो, मराठी साहित्य असो वा समाजशास्त्र, कवायत तीच.

आधी मजकूर, मग मते

दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. पाठ्यपुस्तकांत तो ऋषभदत्त म्हणून भेटतो. त्यांतला एक लेख दानाचा आहे आणि तो जेमतेम काही ओळींचा आहे. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे:

वर्ष ४२, वैशाख महिना. दीनिकाचा मुलगा, नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. शिवाय ३००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडायची ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथे राहणाऱ्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ठेवली: विणकरांच्या एका श्रेणीकडे २०००, शेकडा एक व्याजाने, विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीतून या लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. दुसऱ्या ठेवीतून ‘कुसण’ खर्च. याशिवाय चिखलपद्र गावातली नारळाची ८००० झाडे. हे सगळे निगमसभेत ऐकवले आणि फलकावर नोंदवले. त्यानंतर आणखी एका दानाची नोंद येते, ती देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांची.

पहिल्या वाचनात एवढेच करायचे. पेन बाजूला. कुणी काय मत दिले, कुठला इतिहासकार कुणाशी भांडला, हे नंतर. आपल्याकडे उलट चालते. विद्यार्थी आधी तीन समीक्षाग्रंथ वाचतो आणि मूळ कादंबरी त्या चष्म्यातून चाळतो. आधी सरकारी अहवालावरचा अग्रलेख वाचतो आणि मग अहवालाचा सारांश. असे वाचन केले की मजकुरात आपल्याला तेच दिसते जे आधी कुणी दाखवलेले असते. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स केंब्रिजमध्ये मुलांना कवीचे नाव झाकून कविता वाचायला देत असे आणि त्यांच्या प्रतिक्रिया गोळा करत असे. त्यावरचे त्याचे पुस्तक १९२९ साली आले. नाव झाकल्यावर चांगल्या चांगल्या मुलांची भंबेरी उडाली होती.

‘दरमहा’ कुठून आले?

आता दुसरे वाचन, पेन्सिल हातात घेऊन. या वाचनात प्रत्येक आकड्यापाशी, प्रत्येक नावापाशी थांबायचे. या लेखाचे वाचन एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५–०६) छापले. इंग्रजी भाषांतरात व्याजाचा दर सांगताना तो ‘दरमहा’ असे लिहितो, पण कंसात. कंस महत्त्वाचा आहे. मूळ लेखात व्याजाच्या दराशी महिन्याचा उल्लेखच नाही. तिथे फक्त शेकड्याला एक, शेकड्याला पाऊण, एवढेच आहे. महिना सेनारने भरला.

त्याने तो भरावा की नाही? इथे विश्वास ठेवायचा नाही आणि शंका घेऊन सोडूनही द्यायचे नाही. हिशेब करायचा. शेकडा एक हा दर वर्षाचा मानला, तर २००० वर वर्षाला २० कार्षापण व्याज. भिक्षू २०. प्रत्येकाला मिळेल एक. लेख म्हणतो बारा. दर महिन्याचा मानला, तर महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले २०, बरोबर बारा. सेनारचा कंस त्या एका भागाकाराने पक्का होतो. लेख लिहवून घेणाऱ्याने दर ‘दरमहा’ असे सांगितले नाही, कारण त्याच्या काळातल्या वाचणाऱ्याला ते सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे आजही गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणणारा माणूस महिन्याचे दोन टक्के म्हणत असतो.

सूक्ष्म वाचन म्हणतात ते हे. त्यात प्रतिभेचे काही नाही. मजकुरातली एक गोष्ट दुसरीशी जुळते का, हे तपासण्याची चिकाटी आहे. शेवटच्या दानाचेही असेच पाहा. लेख सांगतो की ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, आणि एकूण २००० सुवर्ण. ३५ गुणिले २००० म्हणजे ७०,०००. जुळले. शिवाय लेखात मोठ्या रकमा आधी अक्षरी आणि मग अंकी दिल्या आहेत, चेकवर देतात तशा. ज्याने हा मजकूर तयार केला तो हिशेबाचा पक्का माणूस होता, आणि एकदा हे कळले की त्याच्या लेखातल्या बाकीच्या आकड्यांकडेही आपण वेगळ्या भरवशाने पाहतो.

पण हिशेब जिथे जुळत नाही किंवा पुरा होत नाही, तिथे थांबायलाही हवे. दुसरी ठेव १००० ची, शेकडा पाऊण. महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. २० भिक्षूंत वाटले तर प्रत्येकी साडेचार. मात्र ही वाटणी लेखात नाही. वीस भिक्षूंचा उल्लेख चीवराच्या संदर्भात आहे, ‘कुसण’ खर्चाच्या नाही. साडेचार हा आकडा माझा, उषवदाताचा नव्हे. आणि ‘कुसण’ म्हणजे तरी काय? कुणी तो भिक्षूंच्या किरकोळ खर्चाचा शब्द मानला, कुणी त्यात नाण्याचे नाव पाहिले. एकमत नाही. दोन श्रेणी एकाच धंद्याच्या, एकाच गावच्या. मग एकीला शेकडा एक आणि दुसरीला पाऊण का? लेख बोलत नाही. आणि माझी एक फुटकळ शंका: अधिक महिन्याच्या वर्षी तेरावा हप्ता यायचा का, आणि आला तर तो कुणाच्या खिशात?

या शंका निरुपयोगी वाटतील. पण संशोधनाचा विषय बहुतेक वेळा अशाच शंकेतून निघतो. ‘नाशिक लेण्यांचा अभ्यास’ अशा ऐसपैस मथळ्यातून तो निघत नाही.

टिपणाचा एक कागद

वरचे सगळे डोक्यात ठेवायचे नसते. ते कागदावर असे उतरते:

नाशिक, लेणे १०. उषवदाताचा लेख, वर्ष ४२.
सेनार, एपिग्राफिया इंडिका, खंड ८, लेख क्र. १२.
मजकूर: २००० कार्षापण विणकर श्रेणीकडे, शेकडा १. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२.
वाचकाची भर: ‘दरमहा’ सेनारच्या कंसात. मूळ लेखात नाही.
माझा हिशेब: २००० × १% × १२ = २४०; २४० ÷ २० = १२. म्हणून दर महिन्याचाच.
प्रश्न: दोन श्रेणींचे दर वेगळे का? अधिक महिन्याचे काय?
वाचले: तारीख, वाचनालय.

पाहण्यासारखे एवढेच आहे की तीन आवाज तीन ओळींत वेगळे ठेवले आहेत: मूळ मजकुराचा, मधल्या विद्वानाचा आणि माझा. टिपणवहीत हे तीन एकत्र मिसळले की सहा महिन्यांनी ते सोडवता येत नाहीत. ‘व्याज दरमहा शेकडा एक होते’ असे सरळ वाक्य लिहून ठेवले असते, तर वाक्य खरे असूनही टिपण खोटे ठरले असते. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘हे लेखात कुठे आहे?’ विचारले, की पंचाईत.

‘वर्ष ४२’चेही तसेच. पुष्कळ पुस्तकांत याचे सरळ इसवी सन १२० केलेले आढळेल. ते शकसंवत धरून केलेले गणित आहे: ४२ अधिक ७८. लेखात संवताचे नाव नाही, आणि ही नहपानाच्या राज्यारोहणापासूनची वर्षे असावीत असे मानणारेही अभ्यासक आहेत. टिपणात मोठ्या अक्षरात ‘वर्ष ४२’ आणि शेजारी बारीक अक्षरात ‘शक धरल्यास १२०’, असे लिहायला पाच सेकंद जास्त लागतात.

बोलतो कोण?

आता तिसऱ्या लेण्यात जाऊ. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. तो शाळेच्या पुस्तकातही पोचला आहे, कारण त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी आहे: त्याने शक, यवन, पहलवांचा नाश केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने क्षहरात वंश समूळ निपटला. वाक्ये लांबच लांब, विशेषणांवर विशेषणे.

याला उषवदाताच्या लेखाची कसोटी लावता येत नाही. इथे पहिला प्रश्न असा: बोलतो कोण, कुणाविषयी, केव्हा? बोलते आहे ती आई. मुलाचा काळ सरलेला आहे, नातू गादीवर आहे, आणि लेणे दान करण्याचा प्रसंग आहे. अशा प्रसंगी कमी-जास्त तोलून बोलण्याची अपेक्षा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. म्हणून हा लेख खोटा ठरत नाही. त्यातल्या विधानांच्या जाती मात्र वेगळ्या करायला लागतात. घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी पिणे ही राजस्तुतीची ठरलेली भाषा. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी तुलना हीही तीच. क्षहरातांचा उच्छेद हे मात्र घडू शकणारे आणि तपासता येणारे विधान.

आणि ते तपासले गेले आहे. सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमाकडे जोगलटेंभी आहे. तिथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,०००हून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पराभूत राजाची नाणी न वितळवता त्यांच्यावरच स्वतःचे नाव उठवायचे, हा विजयाचा रोखठोक पुरावा. आईच्या शब्दाला नाण्यांनी साक्ष दिली.

पण किती साक्ष दिली हेही नीट टिपायचे. सत्ता बदलली, एवढे नाणी सांगतात. ‘समूळ’ हे नाणी सांगत नाहीत. आपल्या प्रबंधांत नेमकी इथेच गफलत होते. अर्ध्या विधानाला पुरावा मिळतो आणि लेखणी पूर्ण विधान सिद्ध झाल्याच्या थाटात पुढे जाते. टिपणात विधानाचे तुकडे करून प्रत्येकापुढे ‘कशावरून?’ असे लिहिले, की ही घाई आपोआप आवरते.

शेजारचा लेख वाचल्याशिवाय उठू नये

तिसऱ्या लेण्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचे दोन सरकारी हुकूम कोरलेले आहेत. १८व्या वर्षाचा हुकूम विजयी छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला धाडलेला. आधी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तन (जमिनीचे माप) शेत, अपर-कखडी गावातले, भिक्षूंना द्यावे. २४व्या वर्षाचा हुकूम राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने, तोही गोवर्धनच्याच अमात्याला. त्यात म्हटले आहे की कखडी गावात पूर्वी दिलेले शेत कुणी कसत नाही, गावच वसलेले नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तन द्यावे.

पहिला हुकूम एकटा वाचला तर चित्र असे: राजा जिंकला, शत्रूची जमीन घेतली, संघाला दान दिली. दुसरा वाचल्यावर कळते की दान कागदावर झाले होते. शिवारात नांगर फिरला नव्हता. गाव ओस का पडले, लढाईमुळे की आणखी कशाने, हे लेख सांगत नाही. जमीन २०० ऐवजी १०० झाली तीही का, हे नाही. पण सहा वर्षांत घोषणा आणि अंमल यांच्यात किती अंतर पडले हे दोन लेख शेजारी ठेवल्यावरच दिसते.

हा धडा आजच्या कागदांना जसाच्या तसा लागू पडतो. शासन निर्णय वाचला तर त्याच विषयावरचे शुद्धिपत्रक आणि मुदतवाढीचे परिपत्रकही शोधावे. पाणीवाटपावर काम करणाऱ्याने गंगापूर धरणाचा मूळ आराखडा वाचला तर नंतरचे फेरबदलही वाचावेत. टिपणाच्या कागदावर एक ओळ ‘शेजारी काय आहे?’ यासाठी राखून ठेवण्याची सवय चांगली.

‘असे मानले जाते’ गळते तेव्हा

शहराच्या पश्चिमेला आनंदवल्ली आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या मुक्कामाने ओळखले जाणारे ठिकाण. आनंदीबाई म्हटले की ‘ध’चा ‘मा’ आलाच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. ‘धरावे’ असलेल्या हुकमात ‘मारावे’ असा बदल आनंदीबाईने केला, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला येते.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही हकिकत आहे. पण बदल आनंदीबाईने केला हे सांगताना तो जपून लिहितो: तसा सर्वसाधारण समज आहे, अशा अर्थाचे. हुकमात बदल झाला हे एक विधान, तो कुणी केला हे दुसरे, आणि दुसऱ्याला त्याने समजाचा दर्जा दिला आहे. पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी, नाटककारांनी, पाठ्यपुस्तकांनी ‘समज आहे’ तेवढे गाळले आणि आनंदीबाई कायमची दोषी ठरली.

कुठल्याही विषयात ही गळती चालूच असते. ‘असावे’चे ‘आहे’ होते, ‘काही गावांत’चे ‘ग्रामीण भागात’ होते. टिपण करताना लेखकाचा संशय, त्याची मर्यादा, त्याचे ‘बहुधा’ हे मुद्द्याइतकेच जपून उतरवायचे. मी तर म्हणेन, सारांश काढताना सर्वांत आधी क्रियापद उतरवावे. लेखक सांगतो, सुचवतो, नोंदवतो की ऐकीव म्हणून देतो, हे त्या क्रियापदातच असते.

चिठ्ठ्या, वही की मोबाइल?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शब्दकोशाचे काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून त्यांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो आला ते वाक्य आणि ग्रंथातले नेमके ठिकाण. कोशाचा पहिला खंड १९७६ साली सुरू झाला, म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्या पुष्कळांनी ती चिठ्ठी कुणाच्या तरी भविष्यातल्या कामासाठी लिहिली. ती आजही वापरता येते, कारण तिच्यावर ठिकाण लिहिलेले आहे. ठिकाण नसलेली चिठ्ठी रद्दी.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान याने एकट्याने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. त्याची तऱ्हा निराळी होती: प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, आणि एका चिठ्ठीवरून दुसरीकडे निर्देश. कोशाच्या चिठ्ठ्या अक्षरक्रमाने बसतात. लुहमानच्या चिठ्ठ्या एकमेकींना हाका मारत बसतात. पहिल्या पद्धतीत सापडणे सोपे, दुसरीत सुचणे.

आपण काय घ्यावे? चिठ्ठ्या घ्या, दोनशेपानी वही घ्या, लॅपटॉपवर फाइल ठेवा. ज्याला जे सोसते ते. माझा कल सुट्या कागदांकडे आहे, कारण प्रकरण लिहिताना ते टेबलावर पसरून क्रम बदलता येतो. आग्रह दोनच गोष्टींचा. एका कागदावर एकच मुद्दा. आणि पान क्रमांक मुद्द्याच्या आधी लिहायचा, नंतर नाही, नंतरचे राहतेच.

मोबाइलने फोटो काढण्याबद्दल एक शब्द. जुन्या खंडाचे पान टिपून घ्यायला फोटोसारखी सोय नाही, आणि लेण्यातला लेख टिपायला तर नाहीच. पण फोटो म्हणजे वाचन नव्हे. गॅलरीत चारशे पाने पडलेली असतात आणि त्यांतल्या एकाही पानावरून हिशेबाची एक ओळ झालेली नसते. फोटो काढला त्याच दिवशी त्याच्या दोन ओळींचे टिपण झाले नाही, तर तो फोटो काढला नव्हता असे समजावे. हायलायटरलाही हेच लागू. रेघ मारणे म्हणजे ‘हे नंतर वाचीन’ असे स्वतःला दिलेले आश्वासन. ते पाळले जात नाही, हे आपल्याला आणि हायलायटरला दोघांनाही माहीत असते.

शब्द कुणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी वाङ्‌मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या. तेव्हापासून सॉफ्टवेअरची धास्ती बसली आहे आणि वाक्ये उलटीपालटी करून देणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. पण मुद्दाम चोरी करणारे थोडे. बाकीच्यांचे साम्य वाढते ते टिपणवहीतून. दोन वर्षांपूर्वी कुणाचे तरी वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतलेले असते, अवतरणचिन्ह दिलेले नसते, आणि आता ते आपलेच वाटते.

उपाय साधा. शब्दशः घेतले तर अवतरणचिन्ह आणि पान. आपल्या शब्दांत मांडायचे तर पुस्तक मिटून लिहायचे, मग उघडून ताडून पाहायचे. पुस्तक समोर उघडे ठेवून ‘आपल्या शब्दांत’ लिहिता येत नाही; त्याचीच वाक्यरचना पेनातून उतरते.

कुणी सांगितले हे जपण्याची आपली परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, तेच ‘लीळाचरित्र’. पुढे महानुभाव परंपरेत एकाच लीळेचे निरनिराळ्या सांगणाऱ्यांचे पाठ ‘वासना’ म्हणून नोंदले गेले. एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. मुलाखतींवर काम करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने याहून वेगळे काही करायचे नाही.

नाशकात बसायचे कुठे?

१८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. १९८९ साली सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. त्याच बाजूचे गोवर्धन हे उषवदाताच्या विणकरांचे गोवर्धन मानले जाते. ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंड आणि १८८३चे नाशिक गॅझेटिअर इंटरनेटवर वाचायला मिळतात. पांडवलेण्यांवरचा गॅझेटिअरमधला मजकूर भगवानलाल इंद्रजींच्या अभ्यासावर उभा आहे. मराठीत हवे असेल तर वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचा ग्रंथ आहे. एकाच लेखाचे इंद्रजी, सेनार आणि मिराशी यांचे वाचन तीन स्तंभांत शेजारी मांडून पाहावे; कोण कुठे अडखळला ते दिसते.

सरावासाठी दहाव्या लेण्यातलाच आणखी एक लेख घ्या, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. एका श्रेणीकडे १०००, पाण्याची यंत्रे चालवणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००, आणखी एकीकडे ५००, शिवाय तेल्यांकडेही. लेखाचा काही भाग झिजला आहे आणि एका श्रेणीचे नाव तिथेच गेले आहे. तीन स्तंभ आखा, वाचता येते तेवढे उतरवा, झिजलेल्या जागी ‘अक्षरे गेली’ असे लिहा. आणि ती श्रेणी कुणाची असावी याचा अंदाज करायचाच असेल, तर तो चौथ्या स्तंभात, स्वतःच्या नावाने.